हायड्रोजन, द्रवरूप : सागरी वाहतुकीतील उपयोगाचा इतिहास

हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू –२५२·९° से. (२०·३° के.) इतक्या नीच तापमानापर्यंत थंड केला असता वातावरणीय दाबाखाली द्रवरूप होतो. हा द्रव रंगहीन, पारदर्शक व अतिशय हलका असून त्याच्या एका घ. मी.चे वजन सु. ७१ किग्रॅ. म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या वजनाच्या सु. चौदाव्या हिश्श्याइतके भरते. नेहमीच्या तापमानाच्या व दाबाच्या सु. ८४५ लिटर वायूपासून एक लिटर द्रव मिळतो. एक किग्रॅ. हायड्रोजन जळताना सु. १२० मेगॅज्यूल उष्णता मिळते. डीझेल तेलापासून मिळणाऱ्या उष्णतेच्या ही जवळजवळ तिप्पट आहे. घनफळाच्या हिशेबाने मात्र चित्र उलटे होते. एक लिटर द्रवरूप हायड्रोजनात सु. ८·५ मेगॅज्यूल, तर एक लिटर डीझेल तेलात सु. ३६ मेगॅज्यूल ऊर्जा असते. त्यामुळे सारखीच ऊर्जा साठविण्यासाठी हायड्रोजनाला चौपटीहून अधिक जागा लागते आणि उष्णतानिरोधक आवरणाची जागा त्याशिवाय वेगळी.

हायड्रोजनात कार्बन नसल्याने त्याच्या ज्वलनातून कार्बन डाय-ऑक्साइड किंवा काजळी निर्माण होत नाही. इंधन-विद्युत् घटात त्याचा ऑक्सिजनाशी संयोग घडविल्यास विद्युत् व पाणी एवढेच मिळते. या गुणांमुळे जहाजांचे इंधन म्हणून त्याचा विचार होऊ लागला. हायड्रोजन वायू उच्च दाबाखाली नळकांड्यांत भरूनही वापरता येतो. परंतु लांब पल्ल्याच्या वा मोठ्या जहाजाला लागणारा साठा त्या रीतीने नेणे अवघड असल्याने द्रवरूपाकडे वळावे लागते. या द्रवाची निर्मिती १८९८ मध्येच साधली होती. पुढील सव्वाशे वर्षांतील संशोधनाचा मोठा भाग तो टिकवून ठेवण्याच्या, म्हणजे बाहेरची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचू न देण्याच्या प्रश्नाने व्यापला आहे. विद्यापीठांतील व संशोधनसंस्थांतील प्रयोगशाळांनी हा प्रश्न टप्प्याटप्प्याने सोडविला. जहाजावर तो पुन्हा नव्या स्वरूपात उभा राहिला आणि त्याच्या उत्तरावरच या इंधनाचे सागरी भवितव्य अवलंबून आहे.

पूर्वेतिहास : मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) यांनी क्लोरीन, अमोनिया इ. वायू दाब व शीतन यांच्या साहाय्याने द्रवरूप केले. तथापि हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन हे वायू त्या उपायांना दाद देईनात, म्हणून त्यांना ‘स्थायी वायू’ म्हणण्याचा प्रघात पडला. १८६९ मध्ये बेलफास्ट येथील क्वीन्स कॉलेजातील टॉमस अँड्रूझ यांनी क्रांतिक तापमानाची कल्पना मांडली. प्रत्येक वायूला एक विशिष्ट तापमान असते व त्याच्यावर कितीही दाब दिला, तरी वायू द्रवरूप होत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. हायड्रोजनाचे क्रांतिक तापमान सु. –२४०° से. (३३° के.) आहे. तेवढ्या खाली जाण्याचे साधन त्या काळी कोणापाशीही नव्हते.

पोलंडमधील क्रेको (क्राकूव्ह) येथील यागेलोनियन विद्यापीठात झिग्मुंट व्ह्रूब्लेफ्स्की (१८४५–८८) व कारोल ऑल्शेफ्स्की (१८४६–१९१५) यांनी १८८३ मध्ये ऑक्सिजन व नायट्रोजन यांचे स्थिर द्रव मिळविले. १८८४ मध्ये व्ह्रूब्लेफ्स्की यांना हायड्रोजनाच्या द्रवाचे क्षणिक धुके दिसले. परंतु पात्रात साठेल असा द्रव हाती आला नाही. १८८८ मध्ये हायड्रोजनावरील काम रात्री उशिरापर्यंत चालू असता प्रयोगशाळेतील रॉकेलचा दिवा उलटून ते भाजले व त्यातच त्यांचा अंत झाला.

लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स द्यूअर (१८४२–१९२३) यांनी १८९२ मध्ये दुहेरी भिंतींचे व त्यांमध्ये निर्वात पोकळी असलेले काचपात्र तयार केले. पुढे घरोघरी पोहोचलेला ‘थर्मास’ हा याच पात्राचा अवतार होय. पोकळीत हवा नसल्याने संवहनाने व संनयनाने उष्णता आत येत नाही, तर भिंतीवरील चांदीच्या मुलाम्यामुळे प्रारित उष्णता परत फिरते. अशा रीतीने द्रव टिकवून ठेवणारे पात्र हायड्रोजनाच्या द्रवाआधी सहा वर्षे तयार होते. १० मे १८९८ रोजी द्यूअर यांनी हायड्रोजन उच्च दाबाखाली द्रवरूप हवेच्या साहाय्याने आगाऊ थंड केला, बारीक छिद्रातून एकदम प्रसरण पावू दिला आणि सु. २० घ. सेंमी. द्रव मिळविला. आगाऊ थंड करण्याची पायरी येथे अटळ ठरते. सु. –७०° से. पेक्षा अधिक तापमानाचा हायड्रोजन अशा प्रसरणाने थंड न होता उलट किंचित तापतो. पुढच्याच वर्षी त्यांनी हायड्रोजन घनरूपातही मिळविला.

हॉलंडमधील लायडन विद्यापीठात हाइक कामर्लिंग-ऑनेस (१८५३–१९२६) यांनी १९०६ मध्ये हायड्रोजन द्रवीकरणाचे नियमित चालणारे यंत्र उभारले. १० जुलै १९०८ रोजी त्यांनी हीलियम प्रथमच द्रवरूप केला, त्यासाठी आगाऊ शीतनाला सु. २० लिटर द्रवरूप हायड्रोजन खर्ची पडला होता. एक-दोन चमचे द्रवाचे कुतूहल दहा वर्षांत प्रयोगशाळेतील साधन बनले होते.

द्रवातील अंतर्गत उष्णता : उत्कृष्ट पात्रात ठेवलेला हायड्रोजनही अपेक्षेहून लवकर उडून जातो, हे कोडे पुंज सिद्धांताने उलगडले. हायड्रोजनाच्या रेणूतील दोन प्रोटॉनांचे परिवलन एकाच दिशेने असल्यास त्यास ऑर्थो-हायड्रोजन व विरुद्ध दिशांनी असल्यास पॅरा-हायड्रोजन म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डेव्हिड डेनिसन यांनी १९२७ मध्ये हायड्रोजनाच्या विशिष्ट उष्णतेतील विसंगतीचे स्पष्टीकरण या दोन प्रकारांच्या आधारे दिले. १९२९ मध्ये बर्लिन येथे कार्ल फ्रीड्रिख बोनहोफर व पॉल हार्टेक यांनी कोळशाच्या पृष्ठभागावर नीच तापमानात पॅरा-हायड्रोजन प्रत्यक्ष वेगळा मिळविला.

नेहमीच्या तापमानाला हायड्रोजनात ७५ टक्के ऑर्थो व २५ टक्के पॅरा प्रकार असतो. उकळबिंदूपाशी समतोल साधला, तर जवळजवळ सर्वच (९९·८ टक्के) पॅरा असतो. द्रवीकरण जलद झाल्यास ऑर्थो रेणू तसेच राहतात आणि नंतर साठ्यात सावकाश पॅरा प्रकारात बदलतात. या बदलात प्रत्येक किग्रॅ.मागे सु. ५२७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते; परंतु एक किग्रॅ. द्रवाचे बाष्पीभवन होण्यास सु. ४४६ किलोज्यूल पुरतात. म्हणजे आवरण कितीही उत्तम असले, तरी असा द्रव आतल्या आत निर्माण झालेल्या उष्णतेनेच काही दिवसांत मोठ्या प्रमाणावर उडून जातो. लोहाच्या सजल ऑक्साइडासारखे उत्प्रेरक वापरून हा बदल द्रवीकरण चालू असतानाच पुरा करून घेण्याची रीत १९५० नंतरच्या दशकात रूढ झाली. महिनोन्महिने साठा करणे व दूरवर वाहतूक करणे तेव्हापासून व्यवहारात शक्य झाले. सोळा दिवसांच्या समुद्रप्रवासाचा विचार या ज्ञानाशिवाय करताच आला नसता.

प्रयोगशाळेतून उद्योगाकडे : कॉन्स्टंटिन त्सिओलकोव्हस्की यांनी १९०३ मध्येच अग्निबाणाचे इंधन म्हणून द्रवरूप हायड्रोजन सुचविला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ओहायओ राज्य विद्यापीठात हेरिक जॉन्स्टन यांच्या नीच तापमान प्रयोगशाळेने हायड्रोजनाचे द्रवीकरण व अग्निबाण-एंजिनांतील वापर यांवर काम केले. १९५२ मध्ये कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेची नीच तापमान अभियांत्रिकी प्रयोगशाळा सुरू झाली व तेथे हा द्रव मोठ्या प्रमाणावर निर्माण होऊ लागला. २७ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘सेंटॉर’ या टप्प्याचे यशस्वी उड्डाण झाले. पुढे अपोलो मोहिमांतील ‘सॅटर्न ५’ अग्निबाणाच्या वरच्या दोन्ही टप्प्यांत हेच इंधन होते.

या कार्यक्रमाने साठवणीचे तंत्र पक्के केले. निर्वात पोकळीत पर्लाइट या ज्वालामुखीजन्य खनिजाची भुकटी भरणे किंवा ॲल्युमिनियमचा लेप दिलेल्या पातळ पटलांचे अनेक थर गुंडाळणे, हे दोन उपाय रूढ झाले. फ्लॉरिडातील केनेडी अवकाश केंद्रात सु. ३,२०० घ. मी. क्षमतेची गोलाकार टाकी उभारण्यात आली. मिसिसिपी राज्यातील एंजिन-चाचणी केंद्राला कालव्यातून तराफ्यांवरील सु. ९०० घ. मी.च्या टाक्यांद्वारे द्रवरूप हायड्रोजन पुरविला जाई. पाण्यावरून या द्रवाच्या मोठ्या प्रमाणावरील वाहतुकीचे हे आरंभीचे उदाहरण होय. मात्र शांत कालव्यातील काही तासांच्या प्रवासावरून खुल्या समुद्राची कल्पना येत नाही.

अग्निबाणाचे गणितही निराळे होते. त्यात इंधन उड्डाणाच्या थोडा वेळ आधी भरतात, ते काही मिनिटांत संपते आणि उडून जाणाऱ्या वायूची किंमत मोहिमेच्या खर्चात नगण्य असते. जहाजाला आठवडेच्या आठवडे साठा बाळगावा लागतो आणि प्रत्येक टक्का तूट मालवाहतुकीच्या दरात मोजावी लागते.

सागरी योजनांचा आरंभ : १९७३ च्या तेलसंकटानंतर ‘हायड्रोजन अर्थव्यवस्था’ ही कल्पना विद्यापीठीय वर्तुळांत चर्चेत आली. जेथे जलविद्युत् वा सूर्यप्रकाश मुबलक आहे तेथे पाण्याच्या विद्युत् विच्छेदनाने हायड्रोजन मिळवावा व तो जहाजाने ऊर्जेची टंचाई असलेल्या देशांत न्यावा, असा तिचा आशय होता. द्रवरूप नैसर्गिक वायूचे उदाहरण समोर होतेच. ‘मीथेन पायोनियर’ या जहाजाने १९५९ मध्ये तो अमेरिकेतून इंग्लंडला नेला व त्यातून पुढे जगव्यापी व्यापार उभा राहिला.

हायड्रोजनाच्या बाबतीत मात्र हा कित्ता जसाच्या तसा गिरवता येत नाही. द्रवरूप नैसर्गिक वायूचे तापमान सु. –१६२° से. असते आणि त्याच्या टाक्यांच्या आवरणात नायट्रोजन वायू भरता येतो. द्रवरूप हायड्रोजनाच्या तापमानाला नायट्रोजन गोठून घनरूप होतो. त्यामुळे आवरणात निर्वात तरी राखावा लागतो किंवा हीलियम वा हायड्रोजन वायू भरावा लागतो. टाक्या व नळ धुऊन काढण्यासही थंड अवस्थेत नायट्रोजन चालत नाही. शिवाय सारख्याच घनफळाचा द्रव उडून जाण्यास लागणारी उष्णता नैसर्गिक वायूच्या मानाने हायड्रोजनाच्या बाबतीत जेमतेम सातवा हिस्सा असते. म्हणून तीच उष्णता आत शिरली, तर तूट सातपट होते.

यूरोप व क्वेबेक यांच्या संयुक्त योजनेत १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सु. १०० मेगॅवॉट जलविद्युत् वापरून कॅनडात हायड्रोजन निर्माण करण्याचा व तो अटलांटिकपार हँबर्गला नेण्याचा अभ्यास झाला. त्यासाठी प्रत्येकी ३,००० घ. मी.च्या टाक्या असलेल्या तराफ्यांचे आराखडे तयार झाले. प्रत्यक्ष वाहतूक मात्र झाली नाही. जपानने १९९३ मध्ये जागतिक ऊर्जा-जालाची संशोधन योजना हाती घेतली. तिच्यात २,००,००० घ. मी. क्षमतेच्या जहाजाची संकल्पना अभ्यासली गेली. खनिज तेल स्वस्त असल्याने या दोन्ही योजना कागदावरच राहिल्या. परंतु टाक्यांची रचना, आवरणे व धातूंचे नीच तापमानातील वर्तन यांविषयीची माहिती त्यांतून साठली.

एकविसाव्या शतकात जहाजांच्या धुराकडे लक्ष वेधले गेले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २०२० मधील अहवालानुसार २०१८ मध्ये मानवी व्यवहारांतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात जहाजांचा वाटा २·८९ टक्के होता. जुलै २०२३ मध्ये संघटनेच्या सदस्य-राष्ट्रांनी २०५० च्या सुमारास निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट मान्य केले. ते साधण्यासाठीची बंधनकारक नियमावली स्वीकारण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये एका वर्षाने पुढे ढकलण्यात आला. उद्दिष्ट ठरले आहे. परंतु महाग इंधनाचा भार कोणी सोसावयाचा, याचा निर्णय झालेला नाही.

माल म्हणून वाहतूक : जपानमधील कोबे येथे ११ डिसेंबर २०१९ रोजी ‘सुइसो फ्रंटियर’ या जहाजाचे जलावतरण झाले. ‘सुइसो’ म्हणजे जपानी भाषेत हायड्रोजन. सु. ११६ मी. लांबीच्या या जहाजावर १,२५० घ. मी. क्षमतेची दुहेरी भिंतींची निर्वात टाकी आहे. समुद्रावरून द्रवरूप हायड्रोजनाची मोठ्या प्रमाणावर वाहतूक करण्यासाठी बांधलेले हे जगातील पहिले जहाज होय. द्यूअर यांच्या काचपात्राचे तत्त्वच येथे पोलादात उतरले आहे. जहाज स्वतः मात्र डीझेल-विद्युत् यंत्रणेवर चालते.

या प्रकल्पामागे कोबे विद्यापीठाच्या सागरी विज्ञान विभागाचेही संशोधन होते. जहाज हेलकावे खाऊ लागले की, टाकीतील द्रव हिंदकळतो, त्याचा वरच्या उबदार बाष्पाशी संपर्क वाढतो व टाकीतील दाब बदलतो. पाण्यावरील प्रयोगांवरून याचा नेमका अंदाज बांधता येत नाही, कारण द्रवरूप हायड्रोजन पाण्याच्या मानाने फारच हलका व कमी श्यान असतो. म्हणून विद्यापीठाच्या ‘फुकाए मारू’ या प्रशिक्षण जहाजावर २०१७ मध्ये लहान टाकीत द्रवरूप हायड्रोजन ठेवून समुद्रात प्रत्यक्ष मापने करण्यात आली.

द्रवाची पातळी मोजण्यासाठी तेथील संशोधकांनी मॅग्नेशियम डायबोराइडाची तार वापरली. हे संयुग सु. ३९° के. खाली अतिसंवाहक बनते, हा शोध २००१ मध्ये जपानमध्येच लागला होता. तारेचा द्रवात बुडालेला भाग अतिसंवाहक होतो. वरचा भाग तापकाच्या साहाय्याने किंचित उबदार ठेवल्याने त्याचा विद्युत् रोध कायम राहतो. एकूण रोधावरून पातळी तात्काळ कळते आणि हिंदकळणाऱ्या द्रवाच्या लाटाही नोंदता येतात.

‘सुइसो फ्रंटियर’ डिसेंबर २०२१ मध्ये कोबेहून निघून ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या हेस्टिंग्ज बंदरात पोहोचले व तेथून हायड्रोजन घेऊन फेब्रुवारी २०२२ मध्ये परतले. पहिल्या खेपेतील माल टाकीच्या क्षमतेच्या मानाने थोडा होता. टाकीतून उडणारा वायू सुरक्षितपणे जाळून टाकण्यासाठी जहाजावर खास ज्वालक असतो. २५ जानेवारी २०२२ रोजी हेस्टिंग्ज येथे त्याच्या धुराड्यातून ज्वाला बाहेर आली. कोणास इजा झाली नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत हवेचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेत विद्युत् पुरवठ्याशी न जुळणारी झडप बसविली गेल्याचे आढळले. दोष हायड्रोजनाच्या गुणधर्मांत नव्हता, तर एका साध्या सुट्या भागात होता. तरीही उडून जाणाऱ्या वायूची विल्हेवाट हा किती नाजूक भाग आहे, हे त्यावरून दिसून आले.

याहून गंभीर प्रश्न हायड्रोजनाच्या उगमाचा होता. तो व्हिक्टोरियातील लाट्रोब खोऱ्यातील तपकिरी कोळशापासून मिळविला होता आणि त्या प्रक्रियेत कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. तो भूगर्भात साठविण्याची योजना पुढील टप्प्यासाठी राखून ठेवलेली होती. डिसेंबर २०२४ मध्ये पुढच्या प्रात्यक्षिकासाठी हायड्रोजन जपानमध्येच मिळविण्याचे ठरल्याचे जाहीर झाले.

जहाजाचे इंधन : अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळांनी २०१६ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को उपसागरासाठी १५० प्रवाशांच्या, ताशी ३५ सागरी मैल वेगाच्या व द्रवरूप हायड्रोजनावर चालणाऱ्या नौकेचा व्यवहार्यता-अभ्यास पूर्ण केला. अशी नौका बांधता येईल, हा त्याचा एक निष्कर्ष. हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून मिळविल्यास उगमापासून वापरापर्यंतचे एकूण उत्सर्जन डीझेल नौकेहून अधिक भरेल, हा दुसरा. नवीकरणीय ऊर्जेपासून मिळविलेल्या हायड्रोजनाने मात्र ते पुष्कळ घटते. त्यानंतर २०१८ मध्ये याच प्रयोगशाळांनी, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेच्या सहभागाने, सु. ११ टन द्रवरूप हायड्रोजनावर २,४०० सागरी मैल जाऊ शकणाऱ्या संशोधन-जहाजाचा आराखडा प्रसिद्ध केला. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने हायड्रोजन व डीझेल अशा मिश्र यंत्रणेच्या किनारी संशोधन-जहाजासाठी विद्यापीठाला साडेतीन कोटी डॉलर मंजूर केले.

प्रत्यक्षात हे इंधन प्रथम वापरणारी नौका नॉर्वेत झाली. नॉर्वेच्या किनाऱ्यावर रस्ते खाड्यांपाशी थांबतात व पुढचा मार्ग मोटारवाहू तरींनी पुरा होतो. शासनाच्या रस्ते विभागाने २०१९ मध्ये दिलेल्या कंत्राटात निम्मी तरी ऊर्जा हायड्रोजनापासून घेण्याची अट होती. त्यानुसार बांधलेली, ३०० प्रवासी व ८० मोटारी नेणारी ‘हायड्रा’ ही ८२ मी. लांबीची तर ३१ मार्च २०२३ पासून द्रवरूप हायड्रोजनावर चालू लागली. तिच्या छतावर ८० घ. मी.ची टाकी व प्रत्येकी २०० किवॉ.चे दोन इंधन-विद्युत् घट आहेत. गळती झाल्यास हलका वायू थेट वर निघून जावा, म्हणून ही मांडणी केली आहे. प्रारंभी तिचे इंधन जर्मनीतील लॉयना येथून शेकडो किमी. रस्त्याने आणावे लागले, कारण जवळपास द्रवीकरण केंद्र नव्हते.

याउलट बोडो व लोफोटेन बेटे यांमधील खुल्या समुद्रावरील मोठ्या तरींसाठी नॉर्वेतच संपीडित वायुरूप हायड्रोजन निवडण्यात आला. सॅन फ्रॅन्सिस्को येथे जुलै २०२४ मध्ये सेवेत आलेली ‘सी चेंज’ ही ७५ प्रवाशांची नौकाही संपीडित वायूवरच चालते. इंधन वारंवार भरता येत असेल तेथे द्रवीकरणाचा खर्च टाळणे सोयीचे पडते, असा याचा अर्थ होतो.

सुरक्षिततेविषयक संशोधन : हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन पेट घेऊ शकतो व त्यासाठी अत्यल्प ठिणगी पुरते. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. उघड्या नळावर हवाच द्रवरूप होऊन ठिबकते व त्या थेंबांत ऑक्सिजनाचे प्रमाण अधिक असल्याने आगीचा धोका वाढतो. साधे पोलाद अशा थंडीत ठिसूळ होते, म्हणून अगंज पोलाद वापरावे लागते. नॉर्वेतील संशोधनसंस्थांनी ट्राँडहाइम येथील विज्ञान व तंत्रविद्या विद्यापीठाच्या सहभागाने आणि जर्मनीतील चाचणीक्षेत्राच्या मदतीने द्रवरूप हायड्रोजन पाण्यावर व पाण्याखाली सोडण्याचे प्रयोग केले. त्यांपैकी काहींत बाहेरून ठिणगी न देताही वायुमेघ पेटल्याचे दिसून आले. बंदरात वा टकरीनंतर होणाऱ्या गळतीच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने द्रवरूप हायड्रोजनाच्या ठोक वाहतुकीसाठी नोव्हेंबर २०१६ मध्ये अंतरिम शिफारशी स्वीकारल्या. अनुभव नसताना नियम करावे लागल्यानेच त्यांना ‘अंतरिम’ म्हटले गेले.

भारतातील स्थिती : भारतात द्रवरूप हायड्रोजनाचा मुख्य वापर अवकाश संशोधनात झाला आहे. तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे त्याच्या चाचणीच्या सुविधा असून ५ जानेवारी २०१४ रोजी स्वदेशी नीच तापमान टप्पा वापरलेल्या जीएसएलव्ही अग्निबाणाचे उड्डाण यशस्वी झाले. जलवाहतुकीत वायुरूपापासून प्रारंभ झाला. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या ५० प्रवाशांच्या इंधन-विद्युत् घट नौकेचे उद्‌घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले व ती वाराणसी येथे गंगेवरील प्रवासी वाहतुकीसाठी नेण्यात आली. तिच्या घटासाठी पुण्यातील केपीआयटी या कंपनीचे सहकार्य होते. या कंपनीने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेबरोबर इंधन-विद्युत् घटांवर त्यापूर्वीच काम केलेले होते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस मान्यता दिली. तिच्यात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट आहे. हा हायड्रोजन परदेशी जावयाचा झाल्यास तो द्रवरूपात न्यावा की अमोनियाच्या रूपात, हा प्रश्न भारतीय बंदरांपुढेही येणार आहे.

मूल्यमापन : एक किग्रॅ. हायड्रोजन द्रवरूप करण्यास सिद्धांताप्रमाणे सु. ४ किवॉ.-तास ऊर्जा पुरावयास हवी. चालू कारखान्यांत मात्र ती १० ते १३ किवॉ.-तास लागते. एक किग्रॅ. हायड्रोजनातील एकूण ऊर्जाच सु. ३३ किवॉ.-तास असल्याने तिच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ऊर्जा थंड करण्यातच खर्च होते. हा खर्च निम्म्यावर आणणे शक्य असल्याचे यूरोपातील अभ्यासांनी दाखविले आहे. तथापि त्यासाठी आजच्याहून पुष्कळ मोठे कारखाने लागतील. हवेत सुटलेला हायड्रोजन स्वतः उष्णता रोखून धरत नाही. परंतु वातावरणातील मीथेनाचे आयुष्य त्यामुळे वाढते. या अप्रत्यक्ष परिणामामुळे शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा तापनप्रभाव तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. ११ ते १२ पट असल्याचे २०२३ मधील संशोधनाने दाखविले. त्यामुळे उडून जाणारा वायू हवेत सोडून देणे हा केवळ आर्थिक तोटा राहिलेला नाही. तो एंजिनात वा घटात वापरणे किंवा पुन्हा द्रवरूप करणे हे स्वच्छ वाहतुकीचेच अंग ठरते.

अमोनिया –३३° से.ला द्रवरूप होतो, मिथेनॉल तर नेहमीच्या तापमानालाच द्रव असते. त्यांची साठवण सोपी व खर्च कमी असल्याने महासागरी जहाजांसाठी त्यांचा विचार अधिक होत आहे. परंतु अमोनिया विषारी आहे आणि मिथेनॉलात कार्बन आहे. द्रवरूप हायड्रोजन या दोन्ही दोषांपासून मुक्त आहे. त्याची किंमत जागा, थंडी व सततची दक्षता या रूपांत चुकवावी लागते. टाकी जितकी मोठी तितके तिचे पृष्ठफळ घनफळाच्या मानाने कमी व तूटही कमी, या साध्या भूमितीवर ४०,००० व १,६०,००० घ. मी. क्षमतेच्या जहाजांचे जपानी आराखडे आधारलेले आहेत.

द्यूअर यांच्या पात्रापासून ‘हायड्रा’च्या टाकीपर्यंत बाहेरची उष्णता रोखण्याचे काम शास्त्रज्ञांनी बऱ्याच अंशी साधले आहे. इंधनाच्या उगमाचा प्रश्न मात्र टाकीच्या भिंतींनी सुटणारा नाही. जहाजाच्या धुराड्यातून केवळ पाण्याची वाफ निघत असली, तरी किनाऱ्यावर कोळसा वा नैसर्गिक वायू वापरून तो हायड्रोजन मिळविला असेल, तर धूर जहाजावरून जमिनीवर हलविला गेला एवढेच म्हणता येते. या तंत्राची स्वच्छता ठरविताना उत्पादन, द्रवीकरण, वाहतूक व वापर या चारही टप्प्यांचा हिशेब एकत्र मांडणे आवश्यक आहे.